डे ला सालचे 151 विजय: कोचची कमाई की खासगी शाळेची?

टेकडीपलीकडची
कॅलिफोर्नियातल्या बे एरियातल्या मराठी पालकांच्या गप्पांत हायस्कूल फुटबॉल (अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा) निघाला की कॉन्कॉर्डच्या डे ला साल हायस्कूलचं नाव येतंच. आणि लगेच कुणीतरी म्हणतं, "खासगी शाळा, पोरं गोळा करतात, जिंकणारच." मला हे साफ अमान्य आहे.

शाळा 1965 साली सुरू झाली. 1979 पर्यंत एकाही मोसमात पराभवांपेक्षा विजय जास्त नव्हते. तेव्हाही ती खासगी, कॅथलिक आणि फक्त मुलांचीच होती ना? मग बदललं काय? बॉब लॅडूसर नावाचा पंचविशीतला माणूस कोच म्हणून आला. तो तिथे धर्मशिक्षणाचा विषयही शिकवायचा. मुलांनी दर आठवड्याला सराव, व्यायाम आणि सामना यांसाठीची आपली उद्दिष्टं कार्डावर लिहायची, सर्वांसमोर वाचायची आणि ते कार्ड एका सोबत्याच्या हाती द्यायचं. शब्द पाळला की नाही, हे तो सोबती बघणार. जानेवारीपासून व्यायाम सुरू. 1992 ते 2003, बारा मोसम, सलग 151 विजय. आधीचा राष्ट्रीय विक्रम मिशिगनच्या हडसन शाळेचा, 72 चा. दुपटीहून जास्त! याला "पोरं गोळा केली" म्हणणं हा त्या मुलांच्या घामाचा अपमान आहे.

उंबरठा
ताई, घाम कुणी नाकारत नाही. पण तुमचा 1979 चा मुद्दा अर्धाच आहे. सुरुवात कोचने केली हे मान्य. नाव झाल्यावर काय झालं ते बघा. पब्लिक, म्हणजे सरकारी शाळेला साधारणपणे आपल्या हद्दीतली मुलं घ्यावी लागतात. डे ला सालला हद्दच नाही. एकदा ख्याती झाली की कुणाला बोलवायला जावं लागत नाही, आईवडील स्वतःच मुलाला घेऊन दारात उभे राहतात. नियम एकही मोडला नाही आणि तरी स्पर्धा समान राहिली नाही.

माझा मुलगा याच परिसरातल्या एका पब्लिक शाळेकडून खेळला. त्याच्या वर्गातली दोन चांगली मुलं नववीलाच खासगी शाळेत गेली. उरलेल्यांनी कमी मेहनत केली नव्हती हो.

मैदानकाठ
उंबरठा, आपल्याकडे हे नवीन आहे का? आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिन शाळा बदलून शारदाश्रमात गेला, आणि 1988 ला हॅरिस शील्डमध्ये त्याची नि कांबळीची 664 ची भागीदारी झाली. गुरू जिथे, तिथे शिष्य जाणारच. ते आपण कौतुकाने सांगतो, मग कॉन्कॉर्डला वेगळा न्याय का?

उंबरठा
कारण सचिनने सोडलेल्या शाळेचं काय झालं, हे आपण कधी विचारलंच नाही. टेरन्स केलीची गोष्ट आठवा. कॉन्कॉर्डपासून टेकड्यांच्या अलीकडे असलेल्या रिचमंड शहराचा मुलगा, डे ला सालचा उत्तम खेळाडू. ऑगस्ट 2004 मध्ये, ओरेगॉन विद्यापीठात जायला दोन दिवस उरले असताना रिचमंडमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. आजही अंगावर काटा येतो. त्याला त्या शाळेने जे दिलं ते खरंच मोठं होतं. पण रिचमंडच्या मुलाला ते मिळवायला टेकड्या ओलांडून जावं लागलं, हीच तर माझी तक्रार आहे.

टेकडीपलीकडची
टेरन्सबद्दल तुम्ही म्हणता ते मला लागलं. त्याच्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबर 2004 मध्ये सिअ‍ॅटलला बेलव्ह्यूकडून 39-20 असा पराभव झाला आणि मालिका तुटली. अठरा वर्षांची पोरं मित्राचं दुःख घेऊन मैदानात उतरली होती.

पण समान स्पर्धेबद्दल थोडं. 2001 मध्ये डे ला साल लाँग बीच पॉलीशी त्यांच्याच गावात जाऊन खेळली. देशात पहिला आणि दुसरा क्रमांक. पॉली पब्लिक शाळा, मुलं चार हजारांवर. डे ला सालमध्ये जेमतेम हजार. डे ला साल 29-15 ने जिंकली, त्यांच्या मॉरिस जोन्स-ड्रूने चार टचडाउन केले, म्हणजे चारदा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेला.

चौथी_ओळ
ते हजार सगळे मुलगेच आहेत. मुलामुलींच्या शाळेच्या हिशोबात ते दोन हजार धरा, म्हणजे तुलना जरा बरी होईल. बाकी पॉलीचा मुद्दा बरोबर, तिथे संख्येचा फायदा समोरच्यांचा होता.

मला मात्र खरा पुरावा नंतरचा वाटतो. लॅडूसर 399 विजय, 25 पराभव आणि 3 बरोबऱ्या एवढी कारकीर्द करून 2012 च्या मोसमानंतर थांबले. पुढे 2016 ते 2019 सलग चार वर्षं डे ला साल राज्याच्या सर्वोच्च गटाच्या अंतिम सामन्यात पोचली आणि चारही वेळा हरली, दक्षिणेतल्या सेंट जॉन बॉस्को आणि मॅटर डे यांच्याकडून. त्याही कॅथलिक खासगी शाळाच. मॅटर डेला 1998 मध्ये याच डे ला सालने 28-21 हरवलं होतं. खासगी असणं एवढंच पुरेसं असतं तर हे झालं नसतं.

उंबरठा
उलट माझंच म्हणणं तुम्ही मांडलंत. चारही वर्षं अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना खासगी शाळाच. पब्लिक शाळा कुठे गेल्या?

टेकडीपलीकडची
याला माझ्याकडे उत्तर नाही. कार्डाची पद्धत मात्र कुठल्याही शाळेला करता येईल, तिला फी लागत नाही. तुमच्या मुलाच्या कोचना एकदा सुचवून बघा.

उंबरठा
मुलगा पदवीधर झाला हो. पण तो आता तिथेच लहान मुलांना शिकवतो. रविवारी जेवायला येईल तेव्हा सांगते त्याला.