मेडिकल बोर्डाने ‘सर्व्हिसशी संबंध नाही’ लिहून वडिलांची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, वकील फोन उचलत नाही, अपील स्वतः करता येतं का?

सातारकर88:

नमस्कार मंडळी, इथे माजी सैनिक आणि त्यांच्या घरचे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. वडील 1997 ला भरती झाले, 2021 ला हवालदार म्हणून रिटायर. भरतीच्या वेळी मेडिकल एकदम क्लिअर. मधे लडाखला होते, नंतर राष्ट्रीय रायफल्समधे (लष्कराचं दहशतवादविरोधी दल) काश्मीरला. तिथून पीस स्टेशनला (फील्डबाहेरची शांत नेमणूक) आले आणि काही महिन्यांतच मेडिकलमधे बीपी निघालं, गोळ्या चालू झाल्या, मेडिकल कॅटेगरी (फिटनेसची श्रेणी) लो झाली ती शेवटपर्यंत तशीच. रिटायर होतानाच्या रिलीज मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व आयुष्यभरासाठी दिले पण खाली शेरा मारला की आजार सर्व्हिसमुळे झालेला नाही आणि सर्व्हिसमुळे वाढलेलाही नाही, कारण सुरुवात पीस स्टेशनला झाली. मग रेकॉर्ड ऑफिसचं (जवानांचे कागद सांभाळणारं लष्कराचं ऑफिस) पत्र, क्लेम नामंजूर, पटत नसेल तर सहा महिन्यांत अपील करा.

गावातल्या एका ओळखीच्या माणसाने एक वकील गाठून दिला. त्याने ओरिजिनल कागद घेतले, वकालतनाम्यावर सह्या घेतल्या, काही पैसे रोख घेतले आणि केस जिंकली की एरियर्समधले वीस टक्के द्यायचे असं तोंडी ठरवलं. आता विचारलं की ‘प्रोसेसमधे आहे’ एवढंच सांगतो, हल्ली तर फोनच उचलत नाही. पहिलं अपील खरंच गेलंय का, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमधे (सैनिकांच्या केसेस चालतात ते न्यायाधिकरण) केस टाकलीय का, काही नंबर आहे का, काहीच माहीत नाही. वडील म्हणतात जाऊ दे, सर्व्हिस पेन्शन मिळतेय ना. पण आयुष्याची चोवीस वर्षं ज्यांनी दिली त्यांना ‘तुमचा आजार तुमचा तुम्ही बघा’ हे मला नाही पटत. वकील नसताना काय करता येईल? आणि आता उशीर झालाय का?

निवृत्त_हेडक्लार्क:

वडिलांना जय हिंद सांगा. मी पेन्शनच्या टेबलवर बरीच वर्षं काढलीत त्यामुळे थोडं खुलासेवार लिहितो.

वकील जाऊ दे बाजूला, आधी कागद हातात घ्या. ओरिजिनल त्याच्याकडे अडकले म्हणून सगळं अडलंय असं समजू नका, बहुतेक कागदांची प्रत रेकॉर्ड ऑफिसला असते. वडिलांच्या सहीने (तुमच्या नव्हे, वैयक्तिक माहिती आहे म्हणून नाकारतात) रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला आरटीआय टाका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, रजिस्टर्ड पोस्टाने. त्यात नाव घेऊन मागा: भरतीच्या वेळच्या मेडिकलची कॉपी, कॅटेगरी लो झाली तेव्हाच्या बोर्डाची म्हणजे एएफएमएसएफ-15 या फॉर्मची कॉपी, रिलीज बोर्डाचा पूर्ण एएफएमएसएफ-16 सगळ्या पानांसह, पोस्टिंगचा तारीखवार तपशील, क्लेम नामंजुरीचं पत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचं, या पत्रावर काही पहिलं अपील आलंय का, आलं असेल तर कुठल्या तारखेला आणि त्याचं काय झालं. या शेवटच्या प्रश्नाने वकिलाने खरंच काही केलंय का ते त्याला न विचारताच कळेल. उत्तराला तीस दिवस असतात, नाही आलं तर तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे आरटीआयचं अपील.

एएफएमएसएफ-16 आला की पहिला भाग नीट वाचा. जवानाने स्वतः भरून सही करायचा भाग असतो तो, कुठे कुठे ड्युटी केली आणि ती फील्ड का पीस हे त्यात लिहायचं असतं. घाईत तिथे अर्धवट भरलं जातं, आणि बोर्ड तेवढ्यावरच मत देऊन मोकळं होतं. वडिलांच्या केसचा जीव तिथेच आहे. बीपी काय एका दिवसात होतं का हो? लष्कराच्या मेडिकल ऑफिसरांसाठीच्याच गाइडमधे 2008 च्या आवृत्तीत परिच्छेद 43 हायपरटेन्शनवर आहे, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा काउंटर इन्सर्जन्सी (दहशतवादविरोधी कारवाईच्या) भागात सुरू झालं तर सर्व्हिसमुळे वाढलेलं धरा असं तो सांगतो. तुमचं म्हणणं असं मांडायचं की सापडलं पीस स्टेशनला, पण सुरुवात त्याआधीच्या काश्मीरच्या टेन्युअरमधे (नेमणुकीच्या काळात) झाली, आणि दोन्हींच्या तारखा शेजारी शेजारी ठेवायच्या. मागचं मेडिकल कधी झालं, त्यात बीपी किती लिहिलं होतं, तेही बघा. पीसला येण्याआधीच्याच एखाद्या मेडिकलमधे आकडा वर गेलेला दिसला तर त्याच्याएवढा मोठा पुरावा नाही.

वकील_पुणेकर:

क्लार्कसाहेबांनी कागदांचं बरोबर सांगितलंय, मी कायद्याची बाजू सांगते.

आधी तुमच्या वकिलाबद्दल. निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळे ते वीस टक्के मनातून काढून टाका. दुसरं, फी राहिली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 साली आर. डी. सक्सेना केसमधे हे स्पष्ट सांगितलंय. रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा, वडिलांच्या सहीने: माझी सगळी मूळ कागदपत्रं अमुक तारखेपर्यंत परत करा, केस दाखल केली असेल तर नंबर कळवा, आजपासून वकालतनामा रद्द समजा. केस खरंच दाखल झालेली निघाली तर वकील बदलताना त्याची एनओसी लागते, ती देत नसेल तर ट्रिब्युनलकडे परवानगी मागता येते. तरी ऐकलं नाही तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 35 खाली तक्रार. पण त्या तक्रारीत सगळी शक्ती घालवू नका, ती चालत राहील, तुमचं काम अपीलचं.

अपीलचा रस्ता असा आहे की पहिलं अपील लष्कराच्या अपील कमिटीकडे, ते फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. दोन्ही अपिलांना वकील लागत नाही, साध्या कागदावर अर्ज असतो तो. अपील गेलेलंच नाही असं आरटीआयमधून निघालं तर लगेच स्वतः टाका, उशिराची माफी मागून, आणि कारण खरं खरं लिहा की वकिलाकडे कागद होते, त्याने दाखल केलंय असं सांगितलं होतं. त्याला रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नसला तरी व्हॉट्सॲपवरचे मेसेज असतील तर स्क्रीनशॉट जोडा.

अपिलावर सहा महिने काहीच निर्णय आला नाही तर वाट बघत बसायचं नाही, ट्रिब्युनल ॲक्टच्या कलम 21 नुसार सरळ ट्रिब्युनलमधे जाता येतं, आणि तिथेही सहा महिन्यांची मुदत असते (कलम 22), उशीर झाला तर माफीचा अर्ज सोबत. रिटायर झालेला माणूस जिथे राहतो तिथल्या बेंचकडे जाऊ शकतो, रेकॉर्ड ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी तुमच्यासाठी मुंबई बेंच. आणि कलम 23 मुळे स्वतः उभं राहता येतं.

उशीर झालाय का या प्रश्नाचं माझं उत्तर: हक्क संपलेला नाही पण पैसे गळतायत. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते म्हणून केस जिवंत राहते, पण सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे मागची थकबाकी साधारणपणे केस टाकल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. वडील 2021 चे, म्हणजे सुरुवातीचे महिने हातातून गेलेतच.

माणदेशी_नायक:

मी स्वतः ट्रिब्युनलमधे उभा राहिलोय, माझा आजार वेगळा होता पण शेरा हाच. घाबरायचं काहीच कारण नाही, समोर बसलेल्यांत एक न्यायाधीश आणि एक सैन्यदलांतला मोठा अधिकारी असतो, त्याला पोस्टिंग म्हणजे काय ते समजावून सांगायला लागत नाही. अर्ज मात्र इंग्रजीत लागतो, मी आमच्या तालुक्यातल्या एका मास्तरांकडून लिहून घेतला, मुद्दे माझे भाषा त्यांची.

दोन निकालांच्या कॉपी जोडाच. एक धरमवीर सिंग, सुप्रीम कोर्ट, जुलै 2013. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, नंतर आजार झाला तर तो सर्व्हिसमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही, आणि बोर्डाने कारणं लिहायला पाहिजेत. दुसरा रामअवतार, डिसेंबर 2014, त्यामुळे पूर्ण सर्व्हिस करून रिटायर झालेल्यालासुद्धा टक्क्यांचं राउंड ऑफ मिळतं. तुमच्या वडिलांचे 30 चे 50 होतात. हिशोब असा की शंभर टक्क्याला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणजे पन्नासला 15 टक्के. पगार चाळीस हजार धरला तर महिन्याला सहा हजार, वर महागाई. ‘जाऊ दे’ म्हणण्याएवढी छोटी रक्कम नाही ही, आणि आयुष्यभर आहे. राउंड ऑफ अर्जातच मागा.

वकील_पुणेकर:

नायकसाहेब, एक जोडते. धरमवीर सिंग 1982 च्या पेन्शन नियमांवरचा निकाल आहे. 2008 पासून रिटायर झालेल्यांना 2008 चे नियम लागतात आणि 21 सप्टेंबर 2023 नंतर सुटलेल्यांना 2023 चे, ते जास्त कडक आहेत. सातारकर, तुमच्या वडिलांना 2008 चे. सरकारी वकील म्हणेल की 2008 मधे ‘नंतर झालेला आजार सर्व्हिसमुळेच’ हे गृहीतक काढून टाकलंय म्हणून जुना निकाल लागू नाही. त्याला उत्तर तयार ठेवा: दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मधे डायबेटिसच्या केसमधे 2008 च्या नियमांखालीसुद्धा सांगितलंय की आजार पीस स्टेशनला सुरू झाला एवढं कारण पुरत नाही, बोर्डाने सर्व्हिसशी संबंध का नाही ते पटेल असं लिहायला हवं. मुंबई बेंचवर तो बंधनकारक नाही पण वजन आहे त्याला.

आणि अगदीच एकटं वाटत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना जुलै 2025 मधे सुरू झालीय, सैनिक बोर्डांत कायदेशीर मदतीची केंद्रं उघडायची योजना आहे. तुमच्या जिल्ह्यात सुरू झालं का ते विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडूनही फुकट वकील मिळू शकतो, तिथे उत्पन्नाची अट बघावी लागेल.

सातारकर88:

सगळ्यांचे मनापासून आभार, वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनीच ट्रंक उघडली आणि रिलीज बोर्डाची एक झेरॉक्स निघाली! पहिल्या भागात पोस्टिंग लिहिलीत पण काश्मीरच्या ओळीपुढे फील्ड का पीस ते कोरंच आहे. बोर्डाच्या मताच्या पानावर फक्त ‘पीस स्टेशनला सुरुवात, सर्व्हिसचा ताण नाही’ एवढीच ओळ, दुसरं काही नाही. आरटीआय आणि वकिलाला पत्र दोन्ही उद्या पोस्टात टाकतो. अपील आरटीआयच्या उत्तराची वाट बघून टाकू की आत्ताच?

निवृत्त_हेडक्लार्क:

आत्ताच. ‘यापूर्वी माझ्या नावे अपील दाखल झाले असल्यास हा अर्ज त्याला पूरक धरावा, नसल्यास हेच पहिले अपील समजावे’ ही ओळ सुरुवातीलाच टाका म्हणजे दोन्हीकडून सुरक्षित. ती कोरी जागा अपिलात ठळक लिहा आणि काश्मीरच्या टेन्युअरच्या तारखा द्या, पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिसमधल्या बदलांची युनिटची नोंद) किंवा मूव्हमेंट ऑर्डरची कॉपी घरी असेल तर जोडा. शेवटी मागणी दोन: शेरा बदलून सर्व्हिसमुळे वाढलेला आजार धरावा, आणि 30 चे 50 करून रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवसापासून द्यावं. पोस्टाची पावती आणि पोचपावती दोन्ही वडिलांच्या नावाच्या फाइलमधे, आणि ती फाइल यापुढे कोणालाच ओरिजिनल द्यायची नाही, झेरॉक्सच.