महागाई ‘घटली’ म्हणजे नेमकं काय घटलं?

‘महागाई घटली’ असा मथळा आला की लोक लगेच विचारतात, ‘कुठे घटली? सगळं तर महागच आहे.’ मग आकडे खोटे आहेत, असा सूर लागतो. आकडा बरोबर असतानाही हे होतं, कारण महागाई म्हणजे काय हेच दोन्हीकडे वेगळं धरलेलं असतं. महागाई, भाववाढ आणि चलनवाढ हे तीन शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरावेत का?

प्रतिसाद १
माझ्या मते नाही. बोलण्यात ‘महागाई’ ही स्थिती असते. ‘महागाई फार आहे’ म्हणजे भाव परवडत नाहीत. आकडेवारीत मात्र तोच शब्द वेगासाठी येतो: वर्षभरात भाव किती टक्के वाढले. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे लोक विकत घेतात त्या वस्तू-सेवांच्या भावांची एकत्रित पातळी दाखवणारा आकडा, पाहा. वार्षिक सरासरी १९८० साली ८२.४, पुढे १९८१ मध्ये ९०.९, १९८२ मध्ये ९६.५ आणि १९८३ मध्ये ९९.६. म्हणजे वाढीचा दर १०.३ वरून ६.२ आणि मग ३.२ टक्क्यांवर आला. दर झपाट्याने उतरला, पण निर्देशांक एकाही वर्षी खाली आला नाही. १९८० च्या तुलनेत १९८३ मध्ये भाव सुमारे २१ टक्के वर होते. याला ‘महागाई घटली’ म्हटलं तर ऐकणारा चिडणारच, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. ‘भाववाढ मंदावली’ म्हणा, वाद उरत नाही. ‘घटली’ हे क्रियापद खरोखर भाव उतरतील त्या दिवसासाठी राखून ठेवावं. त्यासाठी आपल्याकडे ‘स्वस्ताई’ हा सुरेख शब्द आहेच.

प्रतिसाद २
‘चलनवाढ’ मला खटकतो. त्यात कारण आधीच ठरवून टाकलंय: चलन वाढलं म्हणून भाव वाढले. १९७३-७४ मध्ये तेल उत्पादक अरब देशांनी पुरवठा रोखल्यावर खनिज तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. त्या भडक्याला चलनवाढ म्हणायचं तर शब्द एकीकडे आणि कारण दुसरीकडे. पाठ्यपुस्तकात संज्ञा म्हणून राहू दे, रोजच्या लेखनात ‘भाववाढ’ पुरे.

प्रतिसाद ३
प्रत्ययांकडेही बघा. ‘दर ६ टक्क्यांवर आला’ आणि ‘दर ६ टक्क्यांनी घटला’ या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत -वरच्या जागी -नी पडतो. दर ८ वरून ६ वर आला तर आपण सर्रास ‘दोन टक्क्यांनी घटला’ म्हणतो. हिशेबाने ती घट २५ टक्के आहे. दोन आहे तो फरक, आणि त्यासाठी ‘टक्केबिंदू’ हा शब्द आहे. तो अजून जिभेवर रुळलेला नाही. तोवर ‘८ वरून ६ टक्क्यांवर’ असं दोन्ही टोकं सांगून लिहिणं उत्तम. ‘व्याजदरात पाव टक्का कपात’ ही मराठी रचनाही मला फार आवडते, तिचा अर्थ चुकत नाही.

प्रतिसाद ४
‘मंदी’बद्दलही तेच. बाजार पडला, मंदी. धंदा थंड, मंदी. विकासदर ७ वरून ५ वर आला, तरी मंदी! अर्थव्यवस्था वाढतेच आहे, फक्त सावकाश. तिथे ‘वाढ मंदावली’ हवं. सलग दोन तिमाह्या उत्पादन आकुंचन पावलं तर मंदी, हा ढोबळ ठोकताळा. तोही सगळीकडे पाळत नाहीत. अमेरिकेत मंदी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ठरवणाऱ्या समितीने २०२० ची मंदी अवघ्या दोन महिन्यांची धरली.

मूळ प्रश्नकर्ता
मग ‘भाववाढीचा दर ३ टक्क्यांवर, भाव चढेच’ हा मथळा चालेल?

प्रतिसाद १
जवळजवळ. ‘चढे’ म्हणजे भाव उंचावर आहेत एवढंच. ३ टक्के दर असेल तर ते अजून वर जाताहेत, म्हणून ‘भाव चढतेच’ लिहा.