पाढे नेमके कुठे अडतात? अनुभव लिहा

बे_दुणे_पाच

समोरच्या खिडकीतून पाढा ऐकू येत होता. ‘सात सक बेचाळीस, सात साती एकोणपन्नास, सात आठी...’ आणि शांतता. मग पुन्हा ‘सात एके सात’पासून सुरुवात. ती शांतता फार जुनी ओळखीची, म्हणून हा धागा. पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवणारे, घरी पाढे घेणारे सगळ्यांनी लिहा. मुलं कुठे अडतात, का अडतात, काय केल्यावर सुटतं.

सुरुवात मी करते. मुलांना १० बाय १० चा तक्ता दाखवला की १०० उत्तरं बघून धडकी भरते. त्यांच्यासमोरच रंगीत पेन्सिलीने चौकटी खोडत जा. १ आणि १० चे पाढे खोडा, उरतात ६४. सात त्रिक आणि तीन साती एकच, म्हणून अर्धी बाजू खोडा, उरतात ३६. २ आणि ५ मुलांना येतातच, उरतात २१. ९ ला युक्ती आहे (खाली कुणीतरी लिहीलच), उरतात १५. तीन त्रिक, चार चोक असे स्वतःचेच गुणाकार लवकर बसतात, ते पाच गेले की १०. त्यातही ३ चे दुप्पट करून आणखी एकदा मिळवून आणि ४ चे दोनदा दुप्पट करून काढता येतात. शेवटी खरे हट्टी राहतात तीन: ६×७, ६×८, ७×८. शंभरातले तीन!

खोडायचं काम मुलाच्या हातून करून घ्या. आपण खोडलं तर त्याला ती आपली जादू वाटते.

खडूफळा

छान धागा. तुमच्या खिडकीतल्या मुलाचं दुखणं सांगते. त्याला पाढा येतो, गुणाकार येत नाही. पाढा साखळीसारखा बसलेला असतो. मधली कडी ओढली की हाती काही लागत नाही, पहिल्या कडीपासून यावं लागतं. तालात म्हणण्याला माझा विरोध नाही, ताल लक्षात राहतो. पण तेवढ्यावर थांबलं की सात आठीला दर वेळी आठ पायऱ्या चढाव्या लागतात.

उपाय: चढायला जवळचा जिना द्यायचा. पंचे आणि दाहे हे दोन मुक्काम पक्के करून घ्या. सात पंचे पस्तीस आलं की सात सक म्हणजे आणखी एक सात, बेचाळीस. सात नवे म्हणजे सत्तरातून सात कमी, त्रेसष्ट. सात आठी म्हणजे पस्तीस अधिक सात त्रिक एकवीस, छप्पन. आठवड्याभरात मूल वरून सुरुवात करणं सोडतं.

मधलीसुट्टी

५६ = ७×८. पाच सहा सात आठ. झालं. पुढचा प्रश्न 😀

खडूफळा

@मधलीसुट्टी हो, हे सगळ्यांना आवडतं. आणि १२ = ३×४ पण तसंच, एक दोन तीन चार. बाकीच्या ३४ चं काय करता?

मधलीसुट्टी

बाकीचे तुम्ही शिकवा ना बाई 🙏

गवतफुला

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ९ ची युक्ती: दोन्ही पंजे समोर, डावीकडून चौथं बोट मिटलं तर ९×४. मिटलेल्याच्या डावीकडे ३, उजवीकडे ६. छत्तीस. बोटं नको असतील तर दशक गुणकापेक्षा एकने कमी, आणि दोन्ही अंकांची बेरीज ९.

अबोली२२

छत्तीस म्हणजे सहा सक. दोन सहा शेजारी बसले की छत्तीसचा आकडा होणारच!

पाटी_पेन्सिल

गवतफुला, ९ च्या पाढ्यात एक खड्डा आहे. उत्तरं आरशातली आहेत: १८ आणि ८१, २७ आणि ७२, ३६ आणि ६३, ४५ आणि ५४. मुलाने उलटं लिहिलं तरी तेही नऊच्याच पाढ्यातलं असतं आणि बेरीजही ९ च येते. म्हणून ‘बेरीज ९’ ही तपासणी पुरत नाही, ‘दशक एकने कमी’ हीच खरी. ९×७ ला दशकात ६ हवा, ३ दिसला की चूक.

आणि उलटं का लिहितात? कारण आपण बोलताना एकक आधी बोलतो. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी कानावर येतो, म्हणून ३ आधी लिहिला जातो आणि ३६ होतात. एकोणपन्नासला तर आणखी गंमत. मूल ‘पन्नास’ ऐकतं, ‘नऊ असणार’ एवढं त्याला माहीत असतं, आणि ५९ लिहितं. एकोण म्हणजे एक कमी, हे सुटं करून सांगितलेलं नसतं.

त्यामुळे चूक सापडली की आधी तोंडी विचारा. तोंडी बरोबर आणि कागदावर चूक असेल तर पाढा घोकून घेऊ नका. तो येतोय. संख्यावाचन कच्चं आहे. १९, २९, ३९ ते ८९ फक्त ऐकून लिहायला लावा, रोज दहा संख्या.

बे_दुणे_पाच

@पाटी_पेन्सिल हे सोनं आहे. मी ८९ च्या पुढे नव्व्याण्णव विचारणार होते, मग आठवलं तिथे एकोण नाहीच.

पाटी_पेन्सिल

बरोबर, नव्व्याण्णव, एकोणशंभर नाही. मुलंच विचारतात ‘का नाही?’ म्हणून. त्याला उत्तर नाही, हसायचं.

काटकोन

बोटांचा विषय निघालाय तर ६ ते १० मधले गुणाकारही होतात. प्रत्येक हातावर पाचाच्या वर जेवढे तेवढी बोटं उभी. ७×८ साठी एका हातावर २ उभी, दुसऱ्यावर ३. उभी बोटं मिळून ५, ते दशक, म्हणजे ५०. मिटलेली ३ आणि २, त्यांचा गुणाकार ६. एकूण ५६.

घोळ फक्त ६×६ आणि ६×७ ला. ६×६ ला उभी दोन म्हणजे २०, मिटलेली ४ आणि ४ म्हणजे १६. मुलं २ आणि १६ शेजारी लिहून २१६ करतात! ६×७ चं तसंच, ३० आणि १२ चे ३१२. म्हणून ‘उभी बोटं ५’ असं म्हणू देऊ नका, ‘उभी बोटं पन्नास’ म्हणायला लावा. मग बेरीज आपोआप होते.

शून्यातून

सर्वात जास्त चुका ७×८ ला होतात हा समज आहे. ७×० आणि ७×१ तपासून बघा. ७×० = ७ आणि ७×१ = ८. बेरजेचा नियम इकडे येऊन बसतो. ‘शून्य म्हणजे काही नाही, मग सात तसेच राहिले’. पाढा ‘एके’पासून सुरू होतो, त्यामुळे शून्याचं उत्तर मुलाने कधी म्हटलेलंच नसतं. ‘शून्य-शून्यचे सात गट’ असं वाचायला लावायचं. रिकाम्या वाट्या मांडल्या की लगेच कळतं: ७ वाट्या, प्रत्येकीत ० मणी.

गवतफुला

+१. पुढे ३०४×६ करताना मधलं शून्य तिथेच दगा देतं.

इरसाल_कार्टं

वाखूसा (वाचनखूण साठवली). कुणी रोजचा सराव कसा घ्यायचा ते सांगेल का, थिअरी नको

खडूफळा

कार्डं. पुठ्ठ्याचे त्रिकोण कापा, तीन कोपऱ्यांत ६, ७, ४२. ४२ वर अंगठा ठेवला की गुणाकार, ६ वर ठेवला की भागाकार. एका कार्डात चार गोष्टी.

एका वेळी १० कार्डं, त्यातली ७-८ येणारी आणि २-३ नवी. सगळी नवी दिली की मूल पाचव्या मिनिटाला पाणी प्यायला जातं ते परत येत नाही. कार्ड दाखवलं की मनात तीन आकडे मोजा. तेवढ्यात आलं नाही तर आपणच उत्तर सांगा, त्याच्याकडून पूर्ण म्हणून घ्या, आणि ते कार्ड दोन-तीन कार्डांनंतर परत आणा. मग सात-आठ कार्डांनंतर. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्याच कार्डाने. पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली.

आणि ६×९ = ५४ व ७×८ = ५६ एकाच दिवशी देऊ नका. जवळची उत्तरं एकमेकांना चिकटतात आणि मग सात आठी चोपन्न कायमचं.

अबोली२२

तीन सेकंद म्हणजे घड्याळ लावायचं का? मुलं घाबरतात हो. येत असलेलंही विसरतात.

खडूफळा

घड्याळ मुळीच नाही, म्हणून तर मनात म्हटलं. तीन सेकंदांत आलं म्हणजे आठवलं, जास्त लागले म्हणजे मोजत होतं. एवढं आपल्याला कळण्यासाठी ते आहे. मुलाला सांगायचंही नाही.

काटकोन

क्रमाबद्दल: २, १०, ५, मग ४ (दोनची दुप्पट), ८ (चारची दुप्पट), मग ३, ६, ९, शेवटी ७. २-३-४-५ असा सरळ क्रम लावला की तीनशी झटापट होते तेव्हा पाचसारखा सोपा मुक्काम अजून हाताशी नसतो.

त्रिज्या

मोठ्या गुणाकारात पाढे चोख असूनही उत्तर चुकतं त्याबद्दल. ४७×६. सात सक बेचाळीस, २ लिहिले, हातचे ४. आता चार सक चोवीस, अधिक हातचे ४, अठ्ठावीस. उत्तर २८२. मुलं काय करतात? हातचा आधीच मिळवतात: ४ आणि ४ आठ, आठ सक अठ्ठेचाळीस. उत्तर ४८२. कारण हातचा ४ च्या डोक्यावर लिहितात आणि बेरजेत डोक्यावरचा आधी मिळवायची सवय असते. हातचा बाजूला समासात लिहायला लावा, निम्म्या चुका तिथेच थांबतात.

दुसरी चूक तोंडी गुणाकारात. १३×१४ ला १०×१० = १०० आणि ३×४ = १२, झाले ११२. आडव्या-उभ्या चौकटींचा आयत काढला की दोन तुकडे राहिलेले दिसतात: १०×४ = ४० आणि ३×१० = ३०. एकूण १८२. आयत एकदा काढला की पुढे समजावत बसावं लागत नाही.

वर्गमूळ_काका

त्रिज्या, ४८२ वाल्याला अंदाज विचारा. ५० सक तीनशे, मग ४७ चे ४८२ कुठून? शिवाय नवाचा ताळा शिकवा. ४७: ४+७ = ११, १+१ = २. दोन सक बारा, १+२ = ३. आता २८२: बारा, म्हणजे ३. जुळलं. ४८२: चौदा, म्हणजे ५. नाही जुळलं. मात्र २८२ चे २२८ लिहिले तर ताळा गप्प बसतो, अंक तेच आहेत ना. म्हणून अंदाज आणि ताळा दोन्ही.

तोडून गुणायची युक्ती काही नवी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (बारावं शतक) १३५ गुणिले १२ हे उदाहरण आहे. १२ चे ८ आणि ४ करा, किंवा तीन चोक करा, किंवा २० ने गुणून ८ पट वजा करा. सगळीकडून १६२०. हेच चौथीतल्या मुलाला ‘ढापाढापी’ वाटू नये एवढंच बघायचं.

इरसाल_कार्टं

काका तुमच्या वेळी ३० पर्यंत पाढे होते ना? आणि ती पावकी निमकी?

वर्गमूळ_काका

होते. पावकी पाव, निमकी अर्धा, पाऊणकी पाऊण, सवायकी सव्वा, दिडकी दीड, अडीचकी अडीच, आणि औटकी साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीन, सात, साडेदहा, चौदा...

आणि ११७ ला सतरोदरसे. तेरा नवे सतरोदरसे.

मधलीसुट्टी

थांबा, औट म्हणजे साडेतीन?? मग ‘औट घटकेचा राजा’ म्हणजे साडेतीन घटकांचा?

वर्गमूळ_काका

हो. घटका २४ मिनिटांची. साडेतीन घटका म्हणजे...

मधलीसुट्टी

८४ मिनिटं. २४ ची तिप्पट ७२ आणि निम्मे १२. बघा मला पण तोडून करता आलं 😎

त्रिज्या

हातच्यावरून आठवलं. स्कॉटिश गणिती जॉन नेपियरने १६१७ मध्ये पुस्तकात गुणाकाराच्या पट्ट्या सांगितल्या होत्या, त्या पुठ्ठ्यावर करता येतात. प्रत्येक पट्टीवर एकेक पाढा, चौकटीत तिरकी रेघ, वर दशक, खाली एकक. ४ आणि ७ च्या पट्ट्या शेजारी ठेवून सहावी ओळ बघायची: २|४ आणि ४|२. तिरक्या पट्ट्यांत बेरीज: २, मग ४+४ = ८, मग २. २८२. हातचा गेला कुठे ते डोळ्यांना दिसतं. मात्र रेघ सगळीकडे एकाच दिशेने तिरकी हवी, नाहीतर सगळं बिघडतं.

गवतफुला

आले परत. कुणाला १९ चा पाढा भराभर लिहायचा असेल तर डावीकडे वरून खाली १, ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १७, १९ लिहा. उजवीकडे ९ ते ०. झाला. १९, ३८, ५७...

अबोली२२

लिहून बघितला. १९० पर्यंत बरोबर आला! पण हे म्हणजे पाढा येणं नाही ना?

खडूफळा

नाही. १९×७ मधूनच विचारला की सात विसे एकशे चाळीसातून सात वजा, एकशे तेहेतीस. ते येणं.

बे_दुणे_पाच

समोरच्या खिडकीत आत्ता पुन्हा सुरू झालंय. ‘आठ साती...’

मधलीसुट्टी

ओरडून सांगा त्याला, पाच सहा सात आठ!