नातवाची पहिली शिकार : .२२३ की .२४३?
काका, टेक्सासमधला बारा वर्षांचा नातू पहिल्या हरणाच्या शिकारीसाठी .२२३ची रायफल (आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचात) वापरू शकतो का, असं विचारलंत. चालेल, पण ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पातळ कवचाची गोळी नको. ती लहान जनावरांसाठी असते. खांद्याच्या हाडावरच फुटते आणि हरीण जखमी होऊन रानात तडफडत राहतं, ते पोराला जन्मभर विसरता येणार नाही. ६० ग्रेनच्या पुढची बाँडेड (कवच आतल्या शिशाला घट्ट जोडलेली) किंवा अख्खी तांब्याची घ्या. तांब्याची लांब असते, जुन्या १:१२ पिळाच्या (बारा इंचात एक वेढा) नळीत डगमगते, तेवढं तपासा.

माझा कौल मात्र थोड्या मोठ्या .२४३ला, गोळी ९५-१०० ग्रेनची. धक्का पोराला सोसेल असाच. कोलोराडोत तर हरणाला .२२३ चालतच नाही.

आणि आपल्या कोल्हापुरात रेंजवर पोरं वापरतात ती .२२ रायफल वेगळी, तिचं काडतूस फार लहान. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते तिच्यावरच, पण हरणासाठी तिच्यात जोर नाही.