कोट्याचा हिशेब जुळत नाही: पोर्टलवर ३८ जीबी, माझ्या मोजणीत २२

तिसरामजला (प्रश्न)

आमच्या विद्यापीठात प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा ४० जीबीचा कोटा मिळतो आणि तो संपला की महिनाअखेरपर्यंत वेग इतका उतरवला जातो की साधे पानही अर्ध्यावर अडकते. आज १८ तारीख आहे आणि पोर्टलवर माझ्या नावापुढे ३८ जीबी वापर दिसतो. लॅपटॉपवर वापर मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम मी टाकलेला आहे. त्यानुसार या महिन्याचे डाउनलोड १६ जीबी, आणि फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायचा वापर ६ जीबी, म्हणजे एकूण २२. मधले १६ जीबी कुठे गेले?

चित्रपट किंवा मालिका मी या नेटवर्कवर पाहत नाही. पासवर्ड चोरीला गेला असावा, या शंकेने तो परवा बदलला, तरीही आकडा रोज एक-दीड जीबीने वाढतोच आहे. प्रबंधासाठी २५ जीबीचा विदासंच (डेटासेट) अजून उतरवायचा आहे. एका मित्राने स्वतःचे लॉगिन देऊ केले आहे. व्हीपीएन (सगळी वाहतूक सांकेतिक वेष्टनातून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) लावल्यास वापर मोजला जात नाही, असेही एकाने सांगितले. यांपैकी काय करावे?

जाळेवाला

बरीच वर्षे एका संगणक केंद्रात नेटवर्कचे काम केलेले असल्यामुळे हा प्रश्न मला जवळजवळ दर महिन्याला विचारला जात असे, आणि बहुतेक वेळा दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असत. आपला प्रोग्रॅम एका यंत्रावरचे डाउनलोड मोजतो. पोर्टल मात्र परिसराच्या बाहेर जाणाऱ्या दारावर बसलेले असते आणि आपल्या लॉगिनवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राची, येणारी आणि जाणारी अशी दोन्ही वाहतूक आपल्या नावावर लिहिते. आपण अपलोडचा आकडा दिलेलाच नाही. पासवर्ड बदलल्यावरही वाढ त्याच गतीने चालू राहिली, यावरून चोर बाहेरचा नसून घरातलाच आहे, असे मला वाटते.

पोर्टलच्या चुकीची शक्यता मी आधीच बाजूला ठेवतो. रेडियस या प्रमाणीकरण पद्धतीत वापराचा मूळ मोजक ३२ बिटांचा असतो, तो साधारण ४ जीबीला भरून पुन्हा शून्यावर येतो आणि असे किती वेळा झाले हे दुसरा मोजक सांगतो. हा दुसरा मोजक वाचायचा राहून गेल्यास वापर कमी दिसतो, जास्त नव्हे.

व्हीपीएनने काहीही साधणार नाही. आत काय आहे हे दाराला दिसले नाही तरी बाइट तेवढेच, किंबहुना वेष्टनामुळे किंचित जास्तच, जातात. मित्राचे लॉगिन तर मुळीच वापरू नका. त्या लॉगिनवरून जे जे होईल त्याचा जाब त्यालाच द्यावा लागेल, आणि नोंदीत आपल्या लॅपटॉपचा हार्डवेअर पत्ता उमटलेला असल्यामुळे दोघांचीही खाती बंद होऊ शकतात.

वेग आणि कोटा यांची गल्लतही अनेक जण करतात. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. या वेगाने ४० जीबीचा अख्खा महिना ५३ मिनिटांत संपतो. जोडणी वेगवान आहे म्हणून कोटाही मोठा असेल, असे गृहीत धरू नये.

तिसरामजला

आपला अंदाज खरा ठरला. त्याच प्रोग्रॅममध्ये अपलोडचा रकाना उघडला तेव्हा १३.४ जीबी दिसले. माझ्या सिम्युलेशनची १.१ जीबीची निकाल-फाइल रोज संध्याकाळी नव्याने लिहिली जाते, आणि ती मी क्लाउडशी जुळवलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली आहे. या महिन्यात बारा वेळा ती पूर्णच्या पूर्ण वर गेली. मी त्याला बॅकअप म्हणत होतो!

तरीही १६ आणि १३.४ मिळून २९.४, त्यात फोनचे ६ धरले तरी ३५.४ होतात. उरलेल्या अडीच जीबीचे काय?

जाळेवाला

आपला प्रोग्रॅम बहुधा १०२४ च्या पटीत मोजत असावा आणि पोर्टल १००० च्या. जीबीपर्यंत पोहोचताना हा फरक सात टक्क्यांहून थोडा अधिक होतो, म्हणजे लॅपटॉपचे २९.४ पोर्टलच्या भाषेत ३१.६ भरतात, फोन १००० च्या पटीत मोजत असल्यास एकूण ३७.६. शेवटच्या ०.४ साठी मी डोके खाजवत बसणार नाही. ग्रंथालयातल्या एखाद्या संगणकावर लॉग-आउट करायचे राहिले नाही ना, एवढे मात्र पाहा.

फाइल त्या फोल्डरबाहेर काढा आणि आठवड्यातून एकदा, संकुचित करून, वर चढवा. विंडोज असल्यास हे वाय-फाय ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायची जोडणी, म्हणून नोंदवा, आणि अद्ययावतीकरणाच्या फाइली इतर संगणकांना पुरवण्याचा पर्यायही बंद करा. तो चालू असल्यास आपला लॅपटॉप दुसऱ्यांना फुकट पाणी भरत राहतो.

ग्रंथपाल_निवृत्त

विदासंचाबद्दल थोडे लिहिते. २५ जीबी वैयक्तिक कोट्यातून उतरवण्याचा विचारच सोडून द्यावा. मार्गदर्शकांमार्फत विभागाच्या सर्व्हरवर खाते मागावे, तिथेच थेट उतरवावे आणि लागेल तेवढा भाग परिसरातल्या परिसरात लॅपटॉपवर घ्यावा. अंतर्गत वाहतूक बाहेरच्या दारातून जात नसल्यामुळे ती सहसा मोजली जात नाही. त्याआधी ग्रंथालयात किंवा संगणक केंद्रात तो संच कोणी आधीच उतरवून ठेवला आहे का, हे विचारावे. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तो निघत असे.

एक सावधगिरी. हाच उत्साह शोधनियतकालिकांच्या बाबतीत दाखवू नये. तिथे परवाना व्यक्तीला नसून विद्यापीठाच्या आयपी पत्त्यांना असतो, त्यामुळे एखाद्याने स्क्रिप्ट लावून शेकडो लेख ओढले की प्रकाशक सगळ्यांचेच दार लावतो. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत अशाच मोठ्या डाउनलोडनंतर जेस्टोर या शोधनियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाने संपूर्ण परिसराचा प्रवेश काही दिवस थांबवला होता. पुष्कळ लेख लागणार असतील तर ग्रंथपालांना आधी सांगावे. मजकूर-विश्लेषणासाठी अनेक प्रकाशक वेगळी वाट देतात.

तिसरामजला

फाइल हलवून दोन दिवस झाले. पोर्टलवर काल ०.२ आणि आज ०.३ जीबी वाढले. ग्रंथालयातील संगणकावर माझे लॉगिन खरोखरच उघडे होते. विभागाच्या सर्व्हरसाठीचा अर्ज आज मार्गदर्शकांकडे दिला आहे.