निरपेक्ष शून्य २७ अंशांवर कसं आलं?

प्रश्न, पुण्याहून
अकरावीसाठी हवेच्या दाबावरून निरपेक्ष शून्य, म्हणजे शक्य तितकं नीचांकी तापमान, काढायचा प्रयोग मांडलाय. २५० मिलिलिटरचा चंबू, रबरी बूच, बारीक नळीने जोडलेलं गेज (दाबमापक). बूच २७ अंश सेल्सिअसला बसवलं. वितळत्या बर्फात गेज −८.५ किलोपास्कल दाखवतं, उकळत्या पाण्यात (९८ अंश) +२२.५. आलेखाची रेषा मागे वाढवली की शून्य दाब २७ अंशांनाच येतो. गडबड कुठे आहे?

उत्तर १
रेषा बरोबर आहे, दाबाचं शून्य चुकलंय. गेज बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी-जास्त आहे एवढंच सांगतं. बूच लावलं तेव्हा आत-बाहेर सारखाच दाब होता, म्हणून त्याच तापमानाला शून्य आलं. प्रत्येक वाचनात वातावरणाचा दाब मिळवा. मात्र हवामानाच्या बातमीतला आकडा घेऊ नका, तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुण्यात प्रत्यक्ष दाब साधारण ९५ किलोपास्कल. तो धरून ८६.५ आणि ११७.५ येतात, उतार ०.३१६, उत्तर −२७३ च्या आसपास. समुद्रसपाटीचा १०१.३ धरलात तर −२९३!

उत्तर २
वरचं अगदी बरोबर. तुमची हवा कोरडी असणार, नाहीतर आकडे इतके जुळले नसते. पावसाळ्यात हाच प्रयोग हमखास फसतो. २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा कोंडली, तर बर्फात बरीचशी वाफ पाणी होऊन बसते, तिथला दाब घसरतो, रेषा जास्त चढी होते आणि उत्तर −२५० च्या जवळ सरकतं. हवा कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून ओढून घ्या. चंबूत पाण्याचा थेंबही नको.

नळीतली हवा पाण्याबाहेर, खोलीच्याच तापमानाला राहते. ती ५ मिलिलिटर असली तरी उत्तर −२८० पर्यंत जातं. नळी आखूड, बारीक ठेवा, चंबू मानेपर्यंत बुडवा. बूच तारेने बांधा. बंद चंबू थेट ज्योतीवर धरू नका.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मुलं विचारतात, हवा खरंच −२७३ पर्यंत या रेषेवर चालते का? तिथे रेणू थांबतात का?

उत्तर ३
दोन्हींचं उत्तर नाही. ऑक्सिजन −१८३ ला आणि नायट्रोजन −१९६ ला द्रवरूप होतो, तिथे ही रेषा संपते. पुढचा भाग आदर्श वायूचा, म्हणजे कधीच द्रव न होणाऱ्या कल्पित वायूचा.

रेणू थांबतात हे सांगणं टाळाच. −२७३.१५ ला पदार्थातून आणखी ऊर्जा काढता येत नाही, पण पुंजयांत्रिकीनुसार (अणू-रेणूंच्या पातळीवरचे भौतिक नियम) किमान हालचाल उरतेच. म्हणूनच हेलियम साध्या दाबाला कितीही थंड केला तरी गोठत नाही. त्यासाठी सुमारे २५ वातावरणांचा दाब लागतो.

निरपेक्ष शून्यापासून तापमान मोजायचं एकक म्हणजे केल्विन. २०१९ पासून तो बोल्ट्झमन स्थिरांकाच्या (तापमान आणि ऊर्जा यांना जोडणारा आकडा) ठरवून दिलेल्या किमतीवरून निश्चित होतो. त्याआधी पाण्याच्या त्रिक बिंदूवरून (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र टिकतात ते तापमान), तो २७३.१६ केल्विन धरून. मुलांकडून एक गणित जरूर करून घ्या: २० अंशांवरून ४० अंशांवर गेलेली हवा दुप्पट गरम झाली का? २९३ वरून ३१३ केल्विन, म्हणजे जेमतेम ७ टक्के वाढ. बंद चंबूतला दाबही तेवढाच वाढतो, गेजच्या वाचनात वातावरणाचा दाब मिळवून पडताळता येईल.