जुनं रडार डोंग्यावर बसवायचं आहे, १२ व्होल्टची वायरिंग कशी करू?

वायंडिंगवाला_पवनी · ३ डिसेंबर

नमस्कार मंडळी. माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, पवनी तालुक्यात, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाले. सबमर्सिबल, थ्री फेज स्टार्टर, जळलेले कॉइल, हे सारं डोळे मिटून करतो. पण आता जे काम गळ्यात पडलं ते बापजन्मी पाहिलं नाही.

मेहुणा रत्नागिरीले मिरकरवाड्यात ट्रॉलरवर आहे. त्याच्या मालकानं नवीन रडार घेतलं तं जुनं याले देऊन टाकलं. दिवाळीत बारदान्यात गुंडाळून रेल्वेनं घेऊन आला. पांढरा गोल डबा, १५ इंची. आमच्या आईनं पाहिला तं म्हणे, एवढ्या मोठ्या भांड्यात इडल्या कोणासाठी लावतोस बापा. सोबत सहा इंची पडदा आणि दहा मीटर जाड केबल, तिच्या टोकाले बारीक पिनांचा गोल प्लग. पाटीवर २.२ किलोवॅट लिहिलं आहे आणि १२/२४ व्होल्ट डीसी.

बसवायचं आहे मच्छीमार संस्थेच्या फायबरच्या डोंग्यावर. २० फुटी, मागं सेल्फ स्टार्टचं आउटबोर्ड इंजिन, बॅटरी ट्रॅक्टरची ८८ एएचची. पौषात इकडे धुवारी अशी पडते की हातातल्या वल्ह्याचं टोक दिसत नाही, आणि जाळे काढाले निघा लागते पहाटे चारले. धरणात पाणी भरलं तेव्हा झाडं उभीच राहिली, मोहाची, बाभळीची. कुठं खोड वीतभर वर, कुठं वीतभर खाली. मागल्या वर्षी धुवारीत असंच एक खोड लागलं अन् डोंगा फाटला. आमचे दोघं जण त्याच खोडावर उजाडेपर्यंत उभे होते. म्हणून संस्थेवाले माझ्या मागं लागले, की तू वायरमन आहेस, बसव.

माझे प्रश्न असे. २.२ किलोवॅट म्हणजे १२ व्होल्टवर १८० अँपिअरच्या वर होते, ट्रॅक्टरची बॅटरी तं दहा मिनिटात झोपेल. मेहुणा म्हणते असं काही होत नाही, पण काहून होत नाही ते त्याले सांगता येत नाही. दुकानात घरच्या फिटिंगची १ एमएमची वायर पडली आहे, ते चालते का? केबल लांब होते, कापून जोडू का? डबा किती उंच ठेवू? आणि हसू नका, पण अर्थिंग कुठं करू? शेतात खड्डा खणून कोळसा-मीठ टाकतो, पाण्यात काय टाकू?

---

मिरकरवाडा_इलेक्ट्रिक · ३ डिसेंबर

कोळसा-मीठ आधी घरी ठेव भावा, इकडे तर सगळं मीठच आहे.

मी अठरा वर्षं बोटींची वायरिंग करतोय. पहिली गोष्ट, केबल अजिबात कापू नकोस. तिच्या आत बऱ्याच तारा असतात, त्यातल्या काही जाळीच्या शिल्डमध्ये. एक जोड ढिला पडला की पडद्यावर चित्रच येत नाही, आणि दोष शोधताना दोन दिवस जातात. उरलेली केबल मोठ्या सैल वेटोळ्यात फळीखाली ठेव. घट्ट गुंडाळायची नाही, काटकोनात मोडायची नाही. फायबरला भोक पाडशील ते प्लग जाईल एवढं पाड आणि मग ग्लँड, म्हणजे केबल घट्ट धरणारं पाणीबंद बूच, लाव. बरेच जण केबलच्या मापाचं भोक पाडतात, प्लग अडकला की तो छाटतात आणि मग मला फोन करतात. केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ दे, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरून टपकेल, भोकातून आत जाणार नाही.

आता वायर. तू ४१५ व्होल्टचा माणूस, तिथे वायरीत एक व्होल्ट गेला तर मोटारीला कळतही नाही. इथे हातात बाराच आहेत. तुझं रडार पडद्यासकट साधारण ४० वॅट खाईल, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आत. चार धर. बॅटरीपासून पडदा सहा मीटर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबं झालं. १ एमएमच्या वायरीत त्यातले जवळजवळ ०.९ व्होल्ट खपतील. २.५ एमएममध्ये ०.३६, ४ एमएममध्ये ०.२२. शंभरात तीनपेक्षा जास्त घालवायचे नाहीत, म्हणजे २.५ जेमतेम बसते. मी ४ टाकतो. तांबं कल्हईचं मिळालं तर घे. तुमचं पाणी गोडं आहे, साधं मल्टीस्ट्रँडही टिकेल, पण टोकांना लग दाबून बसव (क्रिम्प) आणि वर हीटश्रिंकची नळी ओढ. पीळ मारून टेप गुंडाळायची सवय शेतातच ठेव.

फ्यूज पॉझिटिव्हमध्ये, बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्यूजचं माप यंत्राच्या पाटीवर किंवा पुस्तकात असतं, ते पाळ. आणि घरातला एसीचा एमसीबी डीसीला लावू नकोस, डीसीची ठिणगी तोडायला तो बनवलेला नसतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह तीनदा बघ. अर्थिंग म्हणजे पडद्यामागच्या स्क्रूवरून जाड वायर काढायची आणि बॅटरीच्या निगेटिव्हच्या मुख्य जोडावर न्यायची, बस्स.

सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टवर येते. रडार त्याच बॅटरीवर असेल तर तेवढ्यात बंद पडून परत सुरू होईल. दुसरी बॅटरी टाक.

---

जुना_रेडिओ_ऑफिसर · ४ डिसेंबर

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो, आता नागपुरात असतो. किलोवॅटचा प्रश्न राहिला, तो मी घेतो, कारण तो फार चांगला प्रश्न आहे.

ते २.२ किलोवॅट एका क्षणाचे आहेत. लहान पल्ल्यावर रडार सेकंदाला साधारण दोन हजार वेळा रेडिओ लहरींचा ठोका देतं आणि एक ठोका ०.०८ मायक्रोसेकंदाचा असतो. गुणाकार करून पाहा, सरासरी अर्धा वॅटही होत नाही. उरलेला वेळ ते नुसतं ऐकत असतं, की ठोका कुठून परत येतो. तुमचे ४० वॅट खातात ते आतला फिलामेंट, अँटेना फिरवणारी छोटी मोटार आणि पडदा. सुरू केल्यावर मॅग्नेट्रॉन, म्हणजे ठोका तयार करणारी नळी, तापायला दीड-दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात 'बिघडलं' म्हणून डबा उघडू नका. उघडूच नका खरं तर. आत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ बसून राहतात. तुम्ही वायंडिंगवाले, हात शिवशिवतील, म्हणून सांगतो.

उंचीबद्दल. समुद्रात लांबचं दिसावं म्हणून डबा उंच नेतात. पाण्यापासून ३ मीटरवर ठेवला तरी रडारचं क्षितिज ७ किलोमीटर जातं, तुम्हाला दोनसुद्धा लागणार नाही. किरण वर-खाली मिळून २५ अंश पसरतो. अडीच मीटरवर डबा ठेवला तर डोंग्याभोवती साधारण ११ मीटरपर्यंतचं पाणी किरणाच्या खाली राहतं. म्हणून फार उंच नको, पण उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर हवाच. चालू डब्यासमोर तोंड करून कोणी बसता कामा नये. होकायंत्र असेल तर डबा आणि पडदा त्याच्यापासून मीटरभर दूर.

आता जरा कडू. १५ इंची डब्याचा किरण आडवा सहा अंशांचा असतो. ५०० मीटरवर तो ५० मीटर रुंद होतो, म्हणजे तिथे शेजारी शेजारी असलेले दोन डोंगे तुम्हाला एकच ठिपका दिसतील. ओलं लाकूड आणि प्लास्टिकचे फ्लोट फार फिकट दिसतात. आणि पाण्याखाली वीतभर असलेलं खोड रडारला दिसतच नाही. रेडिओ लहर पाण्यात शिरत नाही. पाण्याखालचं पाहायला आवाजाचं यंत्र लागतं, इको साउंडर, आणि साधा साउंडरही डोंग्याखालचं दाखवतो, पुढचं नाही. ज्या कारणासाठी तुम्ही हे बसवताय त्यातलं अर्धं कारण हे यंत्र पुरं करणार नाही. काठ, पूल, लोखंडी बोट, उंच उभं झाड, एवढं मात्र धुक्यात चोख दाखवेल.

आणखी एक. रडार हा ट्रान्समीटर आहे, आपल्याकडे त्याला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेचा परवाना लागतो. ट्रॉलरचे कागद ट्रॉलरबरोबर राहिले, डब्याबरोबर आले नाहीत. हवेत ठोका सोडण्याआधी ते काम करा.

---

वायंडिंगवाला_पवनी · ४ डिसेंबर

काका, अर्ध्या वॅटचं वाचून मी दुकानात एकटाच हसून राहिलो होतो. पण खोडाचं वाचलं तं जीव बसला. संस्थेत सांगितलं तं अध्यक्ष म्हणतात, मग हा डबा कशाले पाहिजे, दे परत मेहुण्याले. बायको ऐकून होती. मेहुण्याचं नाव निघालं की आमच्या घरी वातावरण बदलते.

---

ब्रह्मपुरीचा_पोट्टा · ५ डिसेंबर

काहून परत देता जी, दोन कामं करा न.

एक. तुमच्या बाकीच्या लाकडी डोंग्याईवर टिनाचा रिफ्लेक्टर लावा. तेलाचा १५ किलोचा पिपा कापा, तीन चौकोनी पत्रे एकमेकाले बरोबर काटकोनात बसवा, खोलीचा कोपरा असते तसे. आठ कोपरे तयार होतात. कुठूनही लहर आली तं आली तिकडेच परत जाते. गुण्या लावून पाहजा, काटकोन चुकला की अर्धी करामत गेली. बांबूवर उंच बांधा. पिपा फुकट, लाकडी डोंगा पडद्यावर लोखंडाचा दिसते.

दुसरं, खोडं रडारनं नाही, मे महिन्यानं शोधा. पाणी उतरलं की सारी खोडं उघडी पडतात. फोनचं जीपीएस लावून एकेका खोडाजवळ जा आणि पॉइंट मारा. आमच्याकडे तलावात आम्ही असंच केलं. म्हातारे माणसं सोबत घेजा, त्याईले ठावं असते कोणतं झाड कोणाच्या बांधीत होतं.

---

वायंडिंगवाला_पवनी · १९ डिसेंबर (एक वर्षानंतर)

धागा वर आणतो. मागल्या हिवाळ्यात परवान्याचे कागदच झाले नाहीत. संस्थेचा सचिव फायली घेऊन किती फिरला ते सांगत बसत नाही. तोवर वायरिंग करून ठेवली होती आणि रडार नुसतं स्टँडबायवर, म्हणजे ठोका न सोडता, लावून व्होल्टेज मोजत होतो. ४ एमएम टाकली. बॅटरीवर १२.६, पडद्यामागं १२.४. मिरकरवाड्याच्या भाऊंचा हिशेब बरोबर उतरला. दुसरी बॅटरी मात्र टाकली नव्हती, कंजुषी केली, आणि सेल्फ मारला की पडदा हमखास काळा. नंतर जुन्या इन्व्हर्टरची आणून ठेवली.

मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या भाऊचं ऐकलं. चार सकाळी गेल्या, १४३ खोडं सापडली. सोबत आमचे मोठेबाबा होते, ७८ वर्षांचे. मी फोनवर नंबर टाकत होतो, ते नावं सांगत होते. हा पाटलाच्या बांधीचा मोह, हे शाळेमागचं चिचेचं झाड, इथं आपला पोळा भरत होता. २२ एप्रिल १९८८ ले राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा ते पाहाले गेले होते, हे त्याईनं चारही दिवस सांगितलं. मग मीही यादीत नंबर सोडून नावंच टाकली. रात्री 'चिंच शाळा' वाचलं की हात आपसूक हँडल वळवते, '८७' वाचून वळत नाही. जे खोड आम्हाले लागलं होतं त्यात आमच्या डोंग्याच्या फायबरचा निळा तुकडा अजून रुतून होता.

आता रडार. डबा दीड इंची जीआय पाइपावर, पाण्यापासून अडीच मीटर. कागद आल्यावर पहिल्यांदा ट्रान्समिट दाबलं तं सारा पडदा पांढरा. गेन, म्हणजे ऐकण्याची ताकद, कमी केला, मग लाटांचा क्लटर, म्हणजे लाटांवरून येणारे फालतू ठिपके, कमी केला, तेव्हा कुठं काठ दिसला. पण धरणाची भिंत दिसते समोर आणि पडद्यावर ते उजवीकडे सरकलेली, सात-आठ अंश. डबाच तिरपा बसवला होता मी. पाइप फिरवून पाहिला, केबल ताणली गेली, मग मेनूमधूनच हेडिंग लाइन, म्हणजे डोंग्याचं नाक दाखवणारी रेघ, जुळवली, दूर एका टॉवरवर डोंग्याचं नाक धरून.

मागच्या मंगळवारी खरी धुवारी पडली. अर्ध्या मैलाच्या रेंजवर ठेवून गेलो. पिपे लावलेले चार डोंगे स्वच्छ दिसले, पाचव्यानं पिपा लावला नव्हता तो आमच्यापासून वीस हातांवर आल्यावर त्याच्या खोकल्यानं कळला. त्याच दिवशी दुपारी येऊन पिपा मागून गेला. उभी खोडं काही दिसतात, काही नाही. फोनवरच्या नावांशिवाय मी अजूनही हँडल धरत नाही.

आई म्हणते, इडलीचं भांडं तरी रोज कामी आलं असतं. मेहुण्याले मात्र आता अध्यक्ष स्वतः फोन करतात.

एक अडचण उरली आहे. धरणाची भिंत सरळ आहे, पण जवळ गेलो की पडद्यावर मधातून आत दबल्यासारखी वाकडी दिसते. दूर गेलं की सरळ. हे मॅग्नेट्रॉन म्हातारं झाल्यामुळं आहे का?

---

जुना_रेडिओ_ऑफिसर · १९ डिसेंबर

नाही, मॅग्नेट्रॉनचा यात काही दोष नाही. ठोका सुटण्याची आणि अंतर मोजायला लागण्याची वेळ एकमेकांशी जुळलेली नाही. इन्स्टॉलेशनच्या मेनूत 'टायमिंग' असं काहीतरी असेल. सगळ्यात लहान रेंज लावा, भिंतीसमोर डोंगा स्थिर धरा आणि ती सरळ होईपर्यंत आकडा एक-एक करून बदला. वारा नसलेली सकाळ निवडा. आणि मोठेबाबांना माझा नमस्कार सांगा.

---

वायंडिंगवाला_पवनी · २१ डिसेंबर

झाली सरळ जी. आकडा चार घर मागं घ्यावा लागला. नमस्कार सांगितला. ते विचारून राहिले, काका कोणत्या गावचे?